ऊन पाण्याची वाट: परभणी ते उनकेश्वर

पहिला दिवस: परभणी ते माहूर

पहाटेची गाडी चुकू नये म्हणून आई रात्रभर झोपलीच नाही. दोन वाजता तिनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून ठेवली होती. सोबत दादाचा ओंकार, यंदा सातवीला. आईला माहूरच्या रेणुकेचं दर्शन घ्यायचं होतं आणि तिथून पुढं उनकेश्वरच्या कुंडात गुडघे शेकायचे होते. मला मात्र उनकेश्वरच बघायचं होतं. बावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवते. दर वर्षी फळ्यावर गीझरची तीच आकृती काढते: खाली लाल खडू, वर निळा खडू, मध्ये वाकडीतिकडी नळी. पण शेजारच्या नांदेड जिल्ह्यातला ऊन पाण्याचा झरा मी कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. ही गोष्ट मला बरीच वर्षं टोचत होती.

मुदखेड, भोकर, हिमायतनगर. उजाडलं तेव्हा खिडकीबाहेर तुरीला शेंगा लगडलेल्या आणि कापसाची शेवटची वेचणी चाललेली. किनवट जवळ आलं तशी शेतं मागं पडली आणि सागाची झाडं सुरू झाली. मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं उघडंबोडकं माळरान येतं. त्यांनी एकदा या रस्त्यानं यावं. किनवटहून एसटीनं माहूरला पोचलो तोवर ऊन चढलं होतं.

लॉजच्या खोलीत न्हाणीघरात भिंतीवर पांढरी टाकी होती. ओंकारनं बटण दाबलं, तांबडा दिवा लागला, आणि त्यानं तो प्रश्न विचारला जो पुढचे चार दिवस आमच्यासोबत फिरला.

"आत्या, ह्याला गीझर कामून म्हणतात? हा तर उडत नाही."

खरंच आहे. आपल्या घरात गीझर म्हणजे पाणी तापवायची टाकी. मूळ शब्द आइसलँडचा. तिथं हाउकादालुर नावाच्या खोऱ्यात 'गेसिर' नावाचं एक उकळतं कुंड आहे. त्यांच्या भाषेत 'गेसा' म्हणजे उसळणं. त्या एका कुंडाचं नाव पुढं जगातल्या अशा सगळ्या कुंडांना लागलं, आणि फिरत फिरत आपल्या न्हाणीघरात येऊन पोचलं. उसळण्याचा अर्थ वाटेत गळाला, ऊन पाणी तेवढं उरलं.

"मग ते कसं काय उसळतं?"

मी त्याला म्हटलं, "श्रावणातली डाळ आठव."

गेल्या श्रावणात पाहुणे दारात उभे होते आणि मी घाईत होते. कुकरची वाफ पुरती जायच्या आत शिट्टी उचलून मी झाकण ओढलं. क्षणभर काहीच झालं नाही. आत डाळ अगदी शांत दिसली. मग तळातून एकदम फसफसून सगळी वर आली आणि छताला, पंख्याला, माझ्या कोपराला लागली. कोपरावरचा डाग अजून आहे. ओंकार त्या वेळी दारातच होता, त्यानं तो क्षणभराचा थांबा पाहिला होता. गीझर म्हणजे नेमका तो थांबा आणि त्याच्या पुढचा क्षण.

पाणी शंभर अंशाला उकळतं हे आपण पाठ करतो, पण ते उघड्या पातेल्यापुरतं, आणि तेही समुद्रसपाटीला. वरून दाब असला तर पाणी शंभराला उकळत नाही. कुकरमध्ये हवेच्या साधारण दुप्पट दाब असतो, म्हणून आत पाणी 120 अंशांपर्यंत तापतं तरी पाणीच राहतं. आता कुकर बाजूला ठेवा आणि जमिनीत उभी, पाण्यानं भरलेली नळी डोळ्यांपुढं आणा. दहा मीटर खोलीवर वरच्या पाण्याचंच वजन इतकं की तिथंही दाब हवेच्या दुप्पट. म्हणजे दहा मीटरवर कुकर आहे! शंभर मीटरवर तर दाब अकरा पट, आणि तिथं पाणी 180 अंशांच्या पुढं गेल्याशिवाय उकळायचं नाही. झाकण कुणी लावलेलं नाही. पाणीच पाण्याचं झाकण.

खालून खडक तापवत राहतो. नळी अरुंद असल्यामुळं खालचं पाणी वर येऊन, गार होऊन परत खाली जात नाही. जिथल्या तिथं तापत बसतं. एका खोलीवर ते उकळण्याच्या काठाशी येतं. वाफेचे बुडबुडे वर सरकतात, नळीतलं वरचं थोडं पाणी बाहेर ढकललं जातं. एवढंच पुरतं. वरचं पाणी कमी झालं की खालचा दाब कमी, आणि दाब कमी झाला की जे पाणी आतापर्यंत पाणी म्हणून बसलं होतं ते त्याच क्षणी उकळायला लागतं. 120 अंशांचं लिटरभर पाणी एकदम मोकळं झालं तर त्यातलं 40 मिली सुद्धा वाफ होत नाही. पण तेवढ्याशाची वाफ साठेक लिटर जागा मागते. ती मिळवायला ती उरलेल्या पाण्याला आकाशात फेकते. फेकलं की आणखी खालचा दाब सुटतो, मग त्याची पाळी. नळी रिकामी होईतो हे चालतं. नंतर बाजूच्या भेगांतून पाणी पुन्हा झिरपतं, नळी भरते, तापते. पुन्हा तेच.

हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा रॉबर्ट बुन्सेनचा. प्रयोगशाळेत ज्याच्या नावाचा बर्नर असतो, तोच हा. 1846 मध्ये तो आइसलँडला गेला आणि त्या उकळत्या नळीत त्यानं दोरीनं तापमापक सोडले, फवारा उडायच्या थोडं आधी. खालचं पाणी शंभरापेक्षा कितीतरी गरम निघालं, पण त्या खोलीवर उकळायला जेवढं लागतं त्याहून थोडं कमी. उकळीच्या सगळ्यांत जवळ होतं ते नळीच्या मधल्या भागातलं. ते थोडंसं वर उचललं गेलं की पुरे, असं त्यानं मांडलं. कुठल्या क्षणी वर येईल ठाऊक नसलेल्या पाण्याच्या तोंडाशी वाकून दोरी सोडणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो.

ओंकार अंघोळ करून आला आणि म्हणाला, "म्हणजे आपला गीझर बी बिघडला तर उडंल?"

उडेल. म्हणून तर त्याला ठरावीक तापमानाला वीज तोडणारं यंत्र असतं आणि जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. तो व्हॉल्व्ह गळतो म्हणून काही जण बुच मारून बंद करतात. कृपा करून तसं करू नका.

दुसरा दिवस: माहूर

सकाळी रेणुकामातेच्या पायऱ्या. आईनं प्रत्येक पाचव्या पायरीला थांबून देवीला हाक मारली, पण चढली. वर तांबूल कुटण्याचा खलबत्त्याचा आवाज सतत चालू. विड्याची पानं, सुपारी, कात एकजीव झालेला तो तांबूल देवीला चढतो आणि मग प्रसाद म्हणून हातावर येतो. चव दुपारपर्यंत तोंडात राहिली. दत्तशिखर, अनसूया शिखर जीपनं झालं.

संध्याकाळी आई लॉजच्या ओट्यावर पाय पसरून बसली आणि मी ओंकारला ओल्ड फेथफुलची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये पाचशेच्या आसपास गीझर आहेत, जगातले निम्म्याहून अधिक. त्यांतला हा सगळ्यांत प्रसिद्ध. 1870 मध्ये तो भाग धुंडाळायला गेलेल्या वॉशबर्न यांच्या तुकडीनं त्याला नाव दिलं: जुना इमानी. कारण तो वेळ पाळतो. उडतो दीड ते पाच मिनिटं, तीस ते पंचावन्न मीटर उंच. त्याचं गणित मला फार आवडतं. आधीची उसळी अडीच मिनिटांपेक्षा कमी चालली, तर नळी पुरती रिकामी झालेली नसते, म्हणून पुढची तासाभराच्या थोडं पुढं येते. जास्त चालली, तर सगळं नव्यानं भरून तापायचं असतं, म्हणून दीड तास. मागच्या वेळी किती खर्च केलं त्यावर पुढची वेळ ठरते.

1992 मध्ये त्या नळीत कॅमेरा सोडून पाहिला. सात मीटरच्या अलीकडं एका ठिकाणी नळी जेमतेम अकरा सेंटिमीटर रुंद आहे. मी ओंकारला माझी वीत मोजायला लावली. वीतभर सुद्धा नाही. एवढ्या फटीतून एका उसळीत चौदा हजार ते बत्तीस हजार लिटर पाणी जातं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात येतो त्या टँकरचे दोन-तीन फेरे.

ओंकारला दुसरीच गोष्ट लागली. "हा कधीच बंद पडला नाही?"

पडला होता. कितीतरी वर्षं. त्याच्या मुखाशी खनिजानं दगडासारखी झालेली लाकडं सापडली. उकळतं पाणी उडत असताना तिथं झाड वाढणं शक्यच नाही. मग त्या लाकडांचं वय काढलं. 2020 मध्ये संशोधकांनी सांगितलं की ती झाडं 1233 ते 1362 या काळातली आहेत. त्या काळात तिथं दीर्घ, कडक दुष्काळ होता. पाऊस नाही म्हणून भेगांत पाणी नाही, पाणी नाही म्हणून उसळी नाही. खाली आग तेवढीच होती, तिचं काहीही कमी झालेलं नव्हतं. आपल्या नरसीचे नामदेव 1270 चे. ते पंढरीची वाट चालत होते तेव्हा तिकडं ओल्ड फेथफुलच्या ढिगाऱ्यावर झाडं उभी होती.

आई ऐकत होती. ती म्हणाली, "आगीचं काय, ती कुठं बी असते. पाणी पाहिजे." बहात्तरचा दुष्काळ तिनं खडी फोडून काढलेला आहे. धडा शिकवताना मी बावीस वर्षं आगीपासून सुरुवात करत आले. पुढच्या वर्षीपासून पाण्यापासून करणार आहे.

मग तिनंच भूकंपाचं काढलं. किल्लारीच्या पहाटे, 30 सप्टेंबर 1993 ला, आमच्या परभणीच्या घरातही मांडणीवरची भांडी वाजली होती. तिनं आम्हा दोघांना ओढून अंगणात आणलं होतं. मी सांगितलं की भूकंपानं गीझरची वेळापत्रकं बदलतात. 17 ऑगस्ट 1959 च्या रात्री यलोस्टोनजवळ हेब्गेन लेकचा भूकंप झाला. त्यानंतर पाहणी केली तेव्हा 289 झरे उसळून गेल्याच्या खुणा मिळाल्या, आणि त्यांतल्या 160 झऱ्यांची त्याआधी उसळल्याची नोंदच नव्हती. जमीन हलली की काही भेगा उघडतात, काही मिटतात. आइसलँडचा मूळ गेसिर तर वर्षानुवर्षं जवळजवळ गप्प होता. 2000 सालच्या भूकंपानंतर तो दोन दिवस 122 मीटरपर्यंत उडाला आणि मग पुन्हा मंदावला. त्याच्या शेजारचा स्ट्रोक्कुर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी उडतो. प्रवासी जातात ते त्याला बघायला. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं.

तिसरा दिवस: उनकेश्वर

आम्ही अंधारातच निघालो. जीपवाला म्हणाला, "एवढ्या लवकर कामून? कुंड कुठं पळायलंय?" पण थंडीत, सूर्य वर यायच्या आत, ऊन पाण्यावरची वाफ दिसते. चिलीमध्ये एल तातिओ नावाचं गीझरांचं पठार आहे, सव्वाचार हजार मीटर उंचीवर. तिथं हवा विरळ म्हणून पाणी 86 अंशांनाच उकळतं. लोक तिथं पहाटेच जातात, कारण ऊन चढलं की वाफेचे खांब दिसेनासे होतात.

सागाचं जंगल, अधूनमधून बंजारा तांडे, शेकोट्या, पैनगंगेकडं उतरत जाणारा रस्ता. आणि मग वास आला. आधी आईला. "कुणीतरी काडी ओढली का?" म्हणाली. गंधकाचा वास.

उन म्हणजे ऊन, उष्ण. जुन्या मराठीत ऊन पाणी म्हणजे गरम पाणी, आणि अजूनही आमच्याकडं "अंघोळीला ऊन पाणी काढलं" असंच म्हणतात. कोकणात उन्हवरे आहे, जळगावकडं उनपदेव आहे. सगळीकडं पाण्यानंच नाव दिलेलं. इथं सांगतात की वनवासात राम इकडं आला तेव्हा शरभंग ऋषींना त्वचेची व्याधी होती. रामानं जमिनीत बाण मारला आणि ऊन पाणी वर आलं. आई हे सांगत होती तेव्हा मी तिला मध्ये अडवलं नाही. बाणानं खोलवर भेग पडली आणि त्या वाटेनं पाणी वर आलं. भेग हा या सगळ्या गोष्टीचा गाभा आहेच.

कुंडावर खरोखर वाफ होती. पातळ, हाताच्या उंचीची, वाऱ्यासोबत एका बाजूला कलणारी. आई बायकांच्या बाजूला उतरली. मी पायरीवर बसून शाळेतून आणलेला तापमापक सुतळीनं पाण्यात सोडला. पारा चाळिसाच्या थोडा वर जाऊन थांबला. अंगाला सोसेल, पण पहिल्या क्षणी चटका देईल इतकं. पायरीच्या दगडावर पाण्याच्या रेषेशी पिवळसर पांढरा थर होता, नखानं खरवडला तर पिठासारखा निघाला. आणि बुडबुडे. तळातून एकेक, कधी दोन जोडीनं, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पाच-सहा एकदम. ओंकार पोटावर पालथा होऊन ते मोजायला लागला. अर्धा तास तो तिथून हलला नाही.

"आत्या, बुडबुडे तर येऊ लागलेत. मग हे उडत कामून नाही?"

हे बुडबुडे वाफेचे नाहीत. चाळीस अंशाला वाफेचा बुडबुडा होत नाही. ते खालून पाण्यासोबत आलेले वायू. या झऱ्याखाली ज्वालामुखीही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश उष्णता वाढते. पाणी जेवढं खोल गेलं तेवढं तापलं, आणि मोठी भेग मिळाली तशी गार व्हायच्या आत वर आलं. माझ्या हिशेबानं हे पाणी अर्धा किलोमीटर तरी खाली जाऊन आलेलं आहे, बहुधा त्याहून जास्त. किनवटकडं आपला काळा बेसाल्ट संपत येतो आणि त्याच्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात. अशा सांध्यांवर पाण्याला वाट मिळते.

गीझरला मात्र तीन गोष्टी एकाच जागी लागतात. भरपूर पाणी, उथळ खोलीवर जबर उष्णता, आणि अशी नळी जिच्यात पाणी अडेल. पहिल्या दोन गोष्टी अनेक ठिकाणी आहेत. अडते ती तिसरी. साध्या झऱ्याला मोकळी वाट असते, म्हणून तो वाहतो. गीझरची वाट अडलेली असते, म्हणून तो उसळतो. शिवाय ती नळी दाब सोसणारी हवी, भेगाळ दगडाची चालत नाही. इथं रायोलाइट नावाचा खडक कामाला येतो. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असते ती, पुष्कळ, वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास. आपल्या बेसाल्टमध्ये पन्नासच्या जवळपास. अति गरम पाणी रायोलाइटमधली सिलिका विरघळवतं आणि वर येताना नळीच्या भिंतीला तिचा लेप देतं. घरात टाकी गळू नये म्हणून आतून गिलावा करतात ना, तसा गिलावा पाणी स्वतःच करत जातं. शेकडो वर्षं.

रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचटकामध्ये तर संशोधकांनी गीझरांच्या नळ्यांत कॅमेरे सोडले तेव्हा दिसलं की नळी सरळ उभी नसून बाजूला वळलेल्या पोकळ्या आहेत, आणि वाफ त्या पोकळीच्या छताखाली अडकून साचते. भरली की मग एकदम सुटते. म्हणजे मी फळ्यावर काढते ती वाकडीतिकडी नळी अगदीच चुकीची नव्हती. जगात सगळे मिळून हजारभर गीझर आहेत आणि बहुतेक सगळे मोजक्याच प्रदेशांत: यलोस्टोन, कामचटका, चिली, न्यूझीलंड, आइसलँड. भारतात ऊन पाण्याचे तीनशेहून अधिक झरे आहेत, पण या खोऱ्यांच्या यादीत आपलं एकही नाही.

एक बाई कुंडाच्या कडेला पोराला साबण लावायला लागली तशी दुसरी ओरडली, "अवं, साबन नको लावू, देवाचं पानी हाय!" त्यावरून मला वायोतापूची गोष्ट आठवली आणि मी ती तिथंच ओंकारला सांगितली. न्यूझीलंडमध्ये 1901 च्या सुमाराला उघड्यावरच्या तुरुंगातले कैदी एका ऊन कुंडात कपडे धुवायचे. एकदा साबण पडला आणि कुंडानं कपड्यांसकट उसळी घेतली. साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, बुडबुडे सहज फुटतात-सुटतात, आणि काठावर आलेलं पाणी काठ ओलांडतं. त्या गीझरला आज लेडी नॉक्स म्हणतात आणि रोज सकाळी सव्वादहाला साबण टाकून तो प्रवाशांसाठी उडवतात. आइसलँडच्या गेसिरलाही पूर्वी असाच साबण घालत. मला हे पटत नाही. पाण्याला त्याच्या वेळेनं येऊ द्यावं.

आई बाहेर आली. लुगड्याचा ओला पदर पिळत म्हणाली, "हलकं वाटायलंय गं." गुडघ्याला ऊब मिळाली की बरं वाटतंच. कातडीच्या आजारासाठी इथं लांबून माणसं येतात, श्रद्धेनं येतात. त्यांनी यावं, आणि डॉक्टरांचं औषधही सोडू नये, एवढं मी शेजारी बसलेल्या एका काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

निघताना ओंकारनं वहीत लिहिलं: अर्ध्या तासात 214 बुडबुडे.

चौथा दिवस: सहस्रकुंड, आणि गावाकडं

सहस्रकुंडचा धबधबा पावसाळ्यातला. आता पैनगंगेची बारीक धार काळ्या खडकांवरून उतरत होती आणि उघडे पडलेले रांजणखळगे तेवढे बघायला मिळाले. एका खळग्यात पाणी गोल फिरत होतं. ओंकारनं हात घातला, गार. थोडा हिरमुसला.

त्याला म्हटलं, नदीकाठानंच तर कामचटकाची गीझरांची दरी सापडली. 1941 च्या एप्रिलमध्ये तात्याना उस्तिनोवा नावाची भूशास्त्रज्ञ आणि तिचा वाटाड्या अनिसिफोर क्रुपेनिन बर्फातून कुत्र्यांच्या गाडीनं हिंडत होते. एका ओढ्याच्या काठी थकून बसले आणि समोरच्या उतारावरून उकळत्या पाण्याचा फवारा उडाला. तोवर जगाला त्या दरीची कल्पनाच नव्हती. 3 जून 2007 ला तिथं दरड कोसळली, नदी अडून तळं झालं आणि कितीतरी गीझर गाडले गेले, बुडाले. पुढं पाणी उतरलं तसे काही परत सुरू झाले. हे सगळं मी सांगत होते तेव्हा आमच्यासमोर पैनगंगा वाहत होती. मुलगा पाण्याकडं बघत ऐकत होता. वर्गात असं ऐकत नाहीत.

परतीच्या एसटीत तो खांद्यावर डोकं टाकून झोपला. रात्री गावात उतरलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. दादा न्यायला आला होता. तो म्हणाला, "उद्या सकाळी बोअरची गाडी येणार आहे."

पाचवा दिवस: दादाचं शेत

आधीचे दोन बोअर गेलेले आहेत. एक पाच वर्षांपूर्वी आटला, दुसऱ्याला लागलंच नाही. यंदा पाणाड्यानं हातावर नारळ ठेवून बांधाजवळची जागा दाखवली होती. नारळाबद्दल मी दादाशी भांडून झालेले आहे, त्यामुळं गप्प होते.

सकाळी सातला गाडी उभी राहिली. कॉम्प्रेसर सुरू झाला तसं बोलणं बंद. पहिले काही फूट माती, मग मुरूम, मग काळा दगड, आणि करड्या भुकटीचा लोट तुरीवर पसरायला लागला. दर दहा-पंधरा फुटांना मिस्त्री भुकटी चिमटीत घेऊन बघायचा. किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं खोल छिद्र घेतलं तेव्हा बेसाल्टचे थर सुमारे 340 मीटर जाड निघाले होते. आमच्या पायाखालीही तोच दगड, थरावर थर. पाणी असलंच तर दोन थरांच्या सांध्यात.

तीनशे फुटांना काही नाही. चारशेला काही नाही. दादा बांधावर उकिडवा बसून होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. गाडी दांडा बदलायला थांबली होती, तेवढ्यात त्याला रोटोरुआचं सांगितलं. न्यूझीलंडमधलं ते गाव गीझरांवर वसलेलं. लोकांनी घरोघर बोअर घेतले आणि ऊन पाणी उपसून खोल्या, अंघोळीचे हौद तापवले. बोअर वाढत गेले तसे झरे मरायला लागले. पोहुतु हा तिथला मोठा गीझर मंदावेल अशी भीती वाटायला लागली. शेवटी 1986-87 मध्ये सरकारनं पोहुतुच्या दीड किलोमीटरच्या आतले सगळे बोअर बंद केले. वायराकेई या दुसऱ्या खोऱ्यात 1958 पासून वाफेवर वीज करायला लागले, तिथले गीझर तर गेलेच.

"मग रोटोरुआचं पाणी परत आलं?"

"आलं. पातळी वर आली. काही वर्षं लागली, पण गप्प पडलेले झरे सुद्धा परत वाहायला लागले."

"सगळ्यांनी एकदम बंद केले म्हणून आलं," दादा म्हणाला. "मी एकट्यानं केलं तर शेजारी उपसणारच की." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याच्या शिवारात दीड किलोमीटरच्या आत किती बोअर असतील हे आम्ही दोघं बोटांवर मोजायला लागलो आणि चाळीसनंतर सोडून दिलं.

चारशे ऐंशी फुटांना आवाज बदलला. भुकटी ओली यायला लागली, मग चिखल, आणि मग केसिंगच्या तोंडातून पाणी वर उडालं. वीस-पंचवीस फूट, तुरीच्या कितीतरी वर, करडं आणि मग हळूहळू निवळ. आई हात जोडून उभी राहिली. ओंकार नाचत पाण्याखाली गेला.

"आत्या, गीझर! आपला गीझर!"

कॉम्प्रेसरची हवा पाण्याला फेकत होती, एवढाच फरक. जर्मनीत आंदेर्नाख इथला फवारा असाच आहे. तिथंही माणसानंच घेतलेलं साडेतीनशे मीटरचं छिद्र आहे, आणि त्यात गार पाणी पन्नास-साठ मीटर उडतं, उष्णतेनं नाही तर पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडनं. सोड्याची बाटली हलवून उघडल्यासारखं. हे मी त्याला ओरडून सांगायचा प्रयत्न केला, पण आवाजात काही ऐकू गेलं नसेल.

मिस्त्रीनं बघून सांगितलं, "दीड इंच." दादानं मान डोलावली. दीड इंच म्हणजे तूर निघेल, भाजी निघेल, उसाचं नाव काढायचं नाही. कॉम्प्रेसर बंद केला तसा फवारा एका दमात खाली बसला आणि केसिंगभोवती साचलेलं पाणी चरातून वाहायला लागलं.

ओंकार चिखलात बसून त्या पाण्यात दोन्ही हात बुडवून होता. थंडी होती, त्याचे कपडे भिजलेले होते, पण तो हात काढत नव्हता.

"आत्या, इकडं ये. हात घाल."

मी घातला. कोमट होतं. चारशे ऐंशी फुटांखालची ऊब.

"हे बी ऊन पाणीच हाय," तो म्हणाला, आणि तापमापक आणायला घराकडं पळाला.